कुत्र्याला पलंगावर घ्यायचं? आधी ‘खाली’ शिकवा

घरात कुत्रा आला की आठवड्याभरात हा वाद पेटतोच. मुलांना तो गादीवर हवा असतो, आजीच्या मते कुत्र्याची जागा दाराशी, आणि रोज सकाळी चादरीवरचे केस झटकणाऱ्या माणसाला कुणी विचारतच नाही. तेवढ्यात कुत्रा स्वतःच निकाल लावून टाकतो. भटाला दिली ओसरी, तशी गत होते: पहाटेपर्यंत तो मधोमध आडवा आणि तुम्ही पलंगाच्या कडेला.

माझं मत आधीच सांगून टाकते. माणसं निरोगी, मोठी आणि कुत्राही निरोगी असेल, तर त्याला पलंगावर घेण्यात फार मोठा धोका नाही. तरी बहुतेक घरांना सोयीचं पडतं ते असं: खोली तीच, पण पलंगाशेजारी त्याची स्वतःची गादी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१७ सालच्या अभ्यासात ४० निरोगी माणसांची झोप मोजली होती. कुत्रा खोलीत असेल पण पलंगावर नसेल, तेव्हा अंथरुणात घालवलेल्या वेळेपैकी सरासरी ८३ टक्के वेळ खरी झोप लागली, तो पलंगावर असताना ८० टक्के. ८० म्हणजे काही वाईट झोप नव्हे. पण ज्यांची झोप मुळातच कावळ्याची आहे, त्यांनी हा फरक मनावर घ्यावा.

‘पलंगावर घेतलं की कुत्रा डोक्यावर बसतो, स्वतःला घराचा मालक समजतो’ हेही ऐकायला मिळतं. या समजुतीचं मूळ प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेल्या निरीक्षणांत आहे. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे कोंडून ठेवल्यावर कसे भांडतात, ते त्यांनी पाहिलं होतं. मोकळ्या रानातला कळप हा बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांच्या पिल्लांचं कुटुंब असतो, असं पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी दाखवून दिलं. तुमचा कुत्रा पलंगावर येतो, कारण तिथे मऊ असतं, ऊब असते आणि तुमचा वास असतो. बस.

पायरी १ : कुणाच्या पलंगावर नाहीच, ते ठरवा

वर्षाच्या आतलं बाळ ज्या अंथरुणात झोपतं, तिथे कुत्रा नको. तो कितीही गरीब असला तरी नको. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, प्लीहा काढलेली असेल, तर त्यांच्या अंथरुणापासूनही त्याला लांब ठेवा. कुत्र्याच्या तोंडातले काही जिवाणू धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाहीत, पण अशा रुग्णांना ते जिवावर बेतू शकतात. दमा किंवा कुत्र्याची ॲलर्जी असलेल्यांनी निजायची खोलीच कुत्र्याला बंद ठेवावी.

कुत्र्याच्या बाजूनेही अटी आहेत. शी-शूची सवय न लागलेलं पिल्लू गादीवर घेऊ नका. दत्तक आणलेला मोठा कुत्रा, विशेषतः रस्त्यावर वाढलेला, सुरुवातीला खालीच झोपू द्या. रस्त्यावर झोपेत धक्का लागणं म्हणजे धोका, त्यामुळे असे काही कुत्रे दचकून उठताना आधी दात लावतात आणि मग डोळे उघडतात. अशा कुत्र्याला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा.

पायरी २ : जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन या

लसी वेळेवर हव्यात: रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेप्टो काय करतो, हे वेगळं सांगायला नको. तो संसर्ग झालेल्या जनावरांच्या लघवीतून पसरतो. मोठ्या कुत्र्याला जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी देतात, पिल्लांना त्याहून बरंच लवकर लवकर. तुमच्या कुत्र्याचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले किंवा तो सतत खाजवत असेल, तर बरा होईपर्यंत पलंग बंद. गजकर्ण आणि खरूज दोन्ही माणसाला लागतात.

खरी डोकेदुखी गोचिडांची. आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात, पडद्यामागे काढते आणि मादी अशाच जागी हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटीही साफ कराव्या लागतात. रोज रात्री त्याच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखावर चिरडण्याची जुनी सवय सोडा.

जाता जाता एक: गादीखाली किंवा गोधड्यांच्या घडीत डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. कुत्र्याने चावली तर ती विष आहे.

पायरी ३ : वर बोलावण्याआधी उतरायला शिकवा

बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं. कुत्रा वर चढायला शिकवावा लागत नाही, उतरायला शिकवावा लागतो. आधी घरात सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा. बाबा ‘खाली’, ताई ‘गेट डाऊन’ आणि आजी ‘हाड हाड’ म्हणत असेल, तर त्या बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं?

सराव दिवसा करा, रात्री अकराला डोळे मिटत असताना नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे हाताशी घ्या. तो पलंगावर असताना ‘खाली’ म्हणा आणि तुकडा त्याला दिसेल असा जमिनीवर टाका. चारही पाय फरशीला लागले की ‘शाब्बास’. मग गादीवर थाप मारून ‘वर’ बोलवा, पुन्हा ‘खाली’. वर येण्याचं बक्षीस मऊ गादी हेच आहे, खाऊ फक्त उतरल्यावर. हे जमलं की रिकाम्या हाताने जमिनीकडे खूण करा आणि उतरल्यावर दुसऱ्या हाताने खाऊ द्या, नाहीतर साहेब तुकडा दिसल्याशिवाय हलणार नाहीत. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत.

गळपट्टा धरून ओढणं किंवा पायाने ढकलणं टाळा, चावण्याचे प्रसंग यातूनच घडतात. आणि तो गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ओरडून ती बंद केलीत, तर कारण तसंच राहतं आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. खाऊ लांब फेकून त्याला शांतपणे उतरवा, खोलीचं दार लावून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. पाठ, कान, सांधे दुखत असले तरी कुत्रे गुरगुरतात.

घरातल्या कुणीही, अगदी अर्धवट झोपेत असलेल्या कुत्र्याला ‘खाली’ म्हटलं आणि तो कुरकुर न करता उतरला, की त्याला पलंगाची परवानगी द्या. त्यानंतरही तो बोलावल्यावरच वर येईल, मनात आलं म्हणून नाही.

पायरी ४ : रोजची शिस्त

झोपण्याआधी शेवटची फेरी मारून आणा. परत आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन बोटांमधलं पाणी नीट टिपा, कारण ओल राहिली की बुरशी होते. जंतुनाशक वापरू नका, तो ते चाटणार. त्याच्यासाठी वेगळी चादर अंथरा, ती पायथ्याशी असावी, उशीजवळ नको. ती आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. तुमच्या जखमा त्याला चाटू देऊ नका.

डॅशहुंड, पग किंवा म्हातारा कुत्रा असेल, तर पलंगाला छोटी पायरी लावा. उंचावरून रोज उड्या मारून पाठीच्या मणक्याचं दुखणं वाढू शकतं, आणि डॅशहुंडला मणक्याच्या दुखण्याचा धोका मुळातच जास्त. उन्हाळ्यात तो मध्यरात्री उतरून थंड फरशीवर पसरला, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

आधीच सवय लागली असेल तर

एका रात्रीत बाल्कनीत हाकलू नका, तो भुंकून सोसायटी जागी करेल. पलंगाला चिकटूनच त्याची गादी घाला आणि त्यावर तुमची वापरलेली जुनी चादर किंवा आईच्या साडीची गोधडी टाका. दिवसभराचे खाऊ आणि चघळायचं हाडूक त्याला तिथेच मिळू द्या. रात्री वर चढला तर न बोलता, न रागावता ‘खाली’, आणि गादीवर गेला की हलकेच पाठ थोपटा. पहिल्या काही रात्री जागरण होईल. नंतर हवी तर ती गादी रोज वीतभर सरकवत दाराकडे न्या.

यात एकच पथ्य कडक पाळा. चार रात्री ‘नाही’ आणि पाचव्या रात्री दया येऊन ‘बरं, ये’ म्हणालात, तर हट्ट धरला की कधी ना कधी जमतं, एवढंच तो शिकेल. दिवाळीतल्या फटाक्यांच्या रात्री मात्र अपवाद करा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढत नाही. फटाके थांबले की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याची गादी.