पाया घातल्यावर झोन बघायला येऊ नका : या चुका टाळा

महिन्यातून एखादा फोन ठरलेला असतो. "साहेब, पाया झालाय, तेवढा नकाशा मंजूर करून द्या." लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आणावी, तसला प्रकार. मुंबईची नियमावली वेगळी आहे, पण राज्यात इतर बहुतेक ठिकाणी डिसेंबर 2020 पासून एकच यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित बांधकाम नियमावली, चालते. ती वाचायची नसेल तर नका वाचू, पण खालच्या चुका तरी करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) चुकीच्या रेषेपासून मोजणं. एक निवृत्त मास्तर, 30 बाय 50 चा प्लॉट, समोर 6 मीटरचा कच्चा रस्ता. मिस्त्रीनं रस्त्याच्या कडेपासून 10 फूट सोडून फक्की मारली, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं आखणी केली. कॉलम उभे राहिले, विटांचे तीन थरही चढले आणि मग बँकेनं मंजूर नकाशा मागितला म्हणून मास्तर माझ्याकडे आले. मी भाग नकाशा, म्हणजे विकास आराखड्यातला त्या प्लॉटभोवतीचा तुकडा, काढला. विकास आराखड्यात तो रस्ता 12 मीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना 3-3 मीटर वाढणार. साइटवर टेपचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं मी. रस्त्याची नवी कड बरोबर त्या तीन थरांवर आली. मास्तरांनी सोडलेले 10 फूट रस्त्याचेच होते आणि मार्जिन शून्य. "अहो, मी मोजून सोडलं होतं," एवढंच ते दोनदा म्हणाले. पुढचे तीन कॉलम तोडले, हॉल निम्मा झाला, देवघर जिन्याखाली गेलं. रुंदीकरणात गेलेल्या जागेचा एफएसआय, म्हणजे तेवढं बांधकाम करायचा हक्क, मिळतो हो, पण वरचा मजला चढवायला पैसे कुठे होते?

म्हणून माझी सवय सांगतो. नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन रहिवासी, शेती की आणखी कशात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा स्वतः अर्ज करून घ्यायचा. एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मी उघडतसुद्धा नाही. नकाशावर रस्त्याची नियोजित कड लाल पेन्सिलीनं ओढायची. लाइन आउटच्या, म्हणजे जागेवर आखणीच्या, दिवशी पहिली खुंटी त्या कडेवर ठोकायची. ती ठोकल्याशिवाय मिस्त्रीला फक्कीची पिशवी सोडू देत नाही. रुंदी दोन्ही बाजूंना सारखीच पडेल असंही धरू नका, कधी सगळी एकाच बाजूला येते. शेजारच्यानं किती सोडलं ते बघून तर मुळीच मोजू नका, त्यानं आधीच्या नियमांत बांधलेलं असेल किंवा चुकवलेलं असेल.

तारेचं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. भूमी अभिलेखची मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या.

"आमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण होतं, दहा वर्षं झाली, उठलं." नाही उठलं. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 127 मध्ये दहा वर्षांनंतर मालकानं मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना द्यायची असते. त्यानंतरही जागा घ्यायला प्राधिकरणाला 24 महिने मिळतात. नोटीस न देता वाट बघणाऱ्याचं आरक्षण वीस वर्षांनीही जिथल्या तिथे असतं.

एनए (बिगरशेती) झालं म्हणजे हवं ते बांधता येतं, हाही एक गोड गैरसमज. काय बांधायचं ते झोन ठरवतो. शेती झोनमधले गुंठे "पुढच्या डीपीत यलो होणारच" (विकास आराखड्यात रहिवासी झोनमध्ये येणारच) म्हणून विकणाऱ्याला एकच उत्तर द्या, झाल्यावर घेतो.

नदीकाठी स्वस्तात प्लॉट मिळतोय? आधी पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीकडच्या पूररेषेच्या, आतल्या मोकळ्या प्लॉटवर घराची परवानगी मागूच नका. 2019 आणि 2021 साली कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथल्या जुन्या माणसांना विचारा.

साइड मार्जिनमध्ये छज्जा 75 सेंटिमीटरपर्यंत चालतो. त्याच्यावर उभं राहायला केलेली बाल्कनी आणि खाली पत्र्याची खोली चालत नाही, "तात्पुरती" म्हटलं तरी.

जोते (पायावरचा, भिंतींखालचा चौथरा) तपासणी झाल्याशिवाय भिंती चढवू नका. जोत्यात वीतभर फरक निघाला तर काहीतरी करता येतं, स्लॅब पडल्यावर मला बोलावू नका.

घाई झालेल्यांचा लाडका शॉर्टकट राहिला. "60 दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळालीच समजायची ना?" एमआरटीपी कायद्याच्या कलम 45 मध्ये तशी तरतूद आहे, पण ती नियमांत बसणाऱ्या नकाशालाच. मार्जिन कमी असलेला नकाशा देऊन एकसष्टाव्या दिवशी जेसीबी बोलावणाऱ्याचं बांधकाम विनापरवानाच धरतात.