तीन सेंटवाल्या वॉशिंग्टनपासून सुरुवात करा

जुनी अमेरिकन तिकिटं जमवते म्हटलं की समोरचा माणूस हटकून त्या ‘झी ग्रिल’ नावाच्या तिकिटाबद्दल विचारतो. १८६८ सालचा निळा, एक सेंटवाला, फ्रँकलिनच्या चित्राचा. जगात दोनच माहीत आहेत. एक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहातला, दुसरा २०२४ मध्ये लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेला. तो माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडे येण्याचीही चिन्हं नाहीत. तेव्हा तो विषय इथंच मिटवू आणि दहा-पंधरा डॉलरमध्ये काय मिळतं ते बघू.

मिळतं ते १ जुलै १८५१ ला निघालेलं तीन सेंटचं लाल तिकीट. डावीकडे तोंड केलेला वॉशिंग्टन, छपाई फिलाडेल्फियाच्या टॉपन, कारपेंटर, कॅसिलिअर कंपनीची. नवख्यानं पहिलं वर्षभर याखेरीज काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तेही सुटं नाही, पाकिटावर चिकटलेलंच. मी गेली चौदा वर्षं तेच घेतेय, अजून कंटाळा आलेला नाही.

का, तर त्या वेळचे टपालदर एकदा पाठ झाले की प्रत्येक पाकीट एक हिशोब म्हणून वाचता येतं. १८५१ चा नियम असा: अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र, तीन हजार मैलांच्या आत, पैसे आधी भरले तर तीन सेंट. न भरता धाडलं तर घेणाऱ्यानं पाच द्यायचे. तीन हजार मैलांच्या पुढं हेच सहा आणि दहा. १ एप्रिल १८५५ पासून पैसे आधी भरणं सक्तीचं झालं, आणि १ जानेवारी १८५६ पासून तिकीट लावणंही. आता एखाद्या पाकिटावर तीन सेंटची जोडी दिसली तर स्वतःला विचारायचं: पत्र जड होतं, की १८५२-५३ मध्ये कॅलिफोर्नियाहून पूर्वेला आलं होतं? शिक्का सॅन फ्रान्सिस्कोचा निघाला तर उत्तर मिळालं. शिक्का जवळच्याच गावचा असेल तर आत दोन-तीन कागद होते, बाकी काही नाही.

हे दर मी एका पोस्टकार्डवर लिहून पर्समध्ये ठेवलेत. तुम्हीही ठेवा. पुढं एक किस्सा सांगते, त्यात या कार्डाची किंमत कळेल.

साहित्य फार लागत नाही. चपट्या टोकाचा चिमटा, दहापट भिंग, दाते मोजायची पट्टी आणि एक छोटा यूव्ही दिवा. भिंग चांगलं घ्या, तिथं कंजूषपणा नको. स्कॉटचा स्पेशलाइज्ड कॅटलॉग, म्हणजे अमेरिकन तिकिटांची प्रकार आणि किमतींसह यादी, नवा घ्यायची गरज नाही. पाच वर्षं जुनी प्रत लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत दोन डॉलरला मिळाली मला. त्यातल्या किमती शिळ्या असतात, चित्रं आणि प्रकार शिळे होत नाहीत.

तिकीट हातात आलं की आधी कडा बघा. १८५७ च्या आधीची तिकिटं बिनदातेरी. पोस्टमास्तर कात्रीनं कापून द्यायचा, आणि दोन तिकिटांमधली जागा इतकी चिंचोळी की कात्री बहुतेकदा कुठल्या तरी बाजूनं चित्रात शिरायचीच. चारही बाजूंनी पांढरा कागद शिल्लक असलेलं तिकीट म्हणून महाग. मी तीन बाजूंवर समाधान मानते. १८५७ पासून दाते आले, दोन सेंटिमीटरमध्ये साडेपंधरा. त्यातही बाहेरची चौकट चारही बाजूंना दिसली तर थांबा आणि नीट बघा. वरखालची रेघ गाळून फक्त उभ्या रेघा ठेवलेला प्रकार रग्गड मिळतो, चारही बाजूंचा त्या मानानं कमी.

मग रंग. इथं माणसं फसतात. १८५१ च्या सुरुवातीच्या छपाईचा रंग ऑरेंज ब्राउन, म्हणजे विटकरीकडे झुकणारा, आणि त्याला भाव आहे. पण लाल शाई हवेतल्या गंधकानं काळवंडते आणि साधं लाल तिकीट तपकिरी दिसायला लागतं. विकणारा प्रामाणिकपणेच ‘ऑरेंज ब्राउन’ लिहितो. ओळखायचं कसं? खरा रंग रेघांमध्ये उबदार आणि सारखा असतो, रेघा धारदार असतात कारण प्लेट नवी होती. काळवंडलेलं तिकीट मळकं, डागाळल्यासारखं दिसतं. तरीही एका तिकिटावरून ठरवू नका. मी पंचवीस-तीस स्वस्त तिकिटं, ज्यांची साल आतल्या पत्रावरून नक्की आहे, ओळीनं लावून ठेवलीत. आईकडे पातळाला मॅचिंग ब्लाउजपीस बघायला जसं दुकानाबाहेर उन्हात नेतात, तसं नवं पाकीट मी खिडकीपाशी त्या ओळीशेजारी धरते. ट्यूबलाइटखाली रंग ठरवणं म्हणजे शुद्ध जुगार. १८६१ च्या तीन सेंटवाल्याचंही हेच: ‘रोज’ (rose) रंगाचं ढिगानं मिळतं, पिंक दुर्मीळ, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपलं तिकीट पिंकच. माझ्याकडचं ‘पिंक’सुद्धा ‘रोज’च निघालं.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी हे तिकीट म्हणजे विहीर आहे. एका प्लेटवर दोनशे तिकिटं, प्रत्येकाचा ठसा वेगळा उमटवलेला, आणि चौकटीच्या रेघा कारागिरानं हातानं पुन्हा कोरलेल्या. त्यामुळं कुठलंही तिकीट कुठल्या प्लेटच्या कुठल्या घरातलं, हे शोधता येतं. कॅरल चेस नावाच्या डॉक्टरानं त्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. मी तीन घरं ओळखलीत, त्यातलं एक बहुधा चुकीचं.

आता पाकीट. १८४५ पर्यंत दर कागदांच्या संख्येवर होता, पाकीट हाही एक कागद धरायचे, म्हणून लोक पत्रच घडी घालून लाखेनं बंद करत. दर वजनावर गेल्यावर पाकिटं रुळली, तरी पन्नासच्या दशकात अशी घडीपत्रं भरपूर दिसतात. मला घडीपत्र जास्त आवडतं, कारण मजकूर सुटून जाऊ शकत नाही. त्या काळच्या पुष्कळ शिक्क्यांत महिना आणि तारीख असते, साल नसते. साल मिळते आतल्या पत्रात, नाहीतर व्यापाऱ्यानं फायलीला लावताना कडेला मारलेल्या शेऱ्यात. तो शेरा म्हणजे घाण नव्हे. तो पुसायला गेलात तर पाकिटाचा जन्मदाखलाच पुसलात.

गावाचं नाव शाईनं हातानं लिहिलेलं असेल तर पोस्ट इतकं लहान होतं की शिक्काच नव्हता. गोल शिक्क्यात ‘आर. आर.’, म्हणजे रेलरोड, अशी अक्षरं असली तर पत्र धावत्या गाडीतल्या टपाल कारकुनाच्या हातून गेलेलं. आणि दक्षिणेतल्या राज्यातून १८६१ च्या वसंतात निघालेलं पाकीट सापडलं तर तारीख दोनदा वाचा. राज्य फुटून बाहेर पडलेलं, पण फुटीर राज्यांचं कॉन्फेडरेट टपालखातं सुरू झालं १ जूनला. मधल्या काळात तिथंही हाच वॉशिंग्टन चालत होता. पुढं उत्तरेच्या सरकारनं दक्षिणेत अडकलेले साठे निकामी करायला ही सगळी तिकिटं रद्द करून नवी काढली. फिलाडेल्फियात तर ‘जुनी तिकिटं ग्राह्य नाहीत’ असा शिक्काच मारत.

काय जमवायचं याला हद्द घाला, नाहीतर घर भरेल आणि संग्रह होणार नाही. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, रोज लोकलनं न्यूअर्कला कामाला जाते. माझी हद्द तीच: न्यू ब्रन्स्विक ते न्यूअर्क, वाटेतली स्टेशनं. राहवे, एलिझाबेथ. एलिझाबेथ १८५५ मध्ये शहर झालं, त्याआधी एलिझाबेथटाउन. शिक्क्यातलं ते लांबलचक नाव वर्तुळात कसं कोंबलंय ते भिंगाखाली बघताना मजा येते. तुम्ही ओहायोत असाल तर तुमची काउंटी घ्या. स्टँप शोमध्ये डीलर पाकिटं राज्यांनुसार खोक्यांत लावतात, त्यामुळं हद्द ठरलेली असली की चारशेऐवजी चाळीसच चाळावी लागतात. शनिवारी सकाळी नको, रविवारी दुपारी जा. परत बांधाबांध करायचा कंटाळा असतो, भाव उतरतो.

आता तो किस्सा. २०१४ मध्ये अशाच एका शोमध्ये एक घडीपत्र घेतलं, ८५ डॉलरला. टवटवीत ऑरेंज ब्राउन, तीन बाजूंनी सुरेख कडा, सात रेघांचा काळा शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलेला. आमच्याकडे याला ‘टाइड’ म्हणतात, म्हणजे तिकीट आणि कागद शिक्क्यानं एकत्र बांधलेले, तिकीट मुळात तिथलंच असल्याचा पुरावा. घरी येऊन वाचलं. फेब्रुवारी १८५२, चामड्याचा व्यापारी, थकलेल्या उधारीसाठी कुरकुर. घडी उलगडून पुढचं पान एकेरी करून दिव्यासमोर धरलं तर तिकिटाच्या मागून पाचाचा आकडा दिसला. मोठा, फराट्यानं काढलेला.

पर्समधलं कार्ड आठवा. पाच म्हणजे न भरलेलं पत्र, घेणाऱ्याकडून वसूल करायचे. त्यावर तीन सेंटचं तिकीट असूच शकत नाही. उधारी मागणाऱ्यानं टपालखर्चही समोरच्याच्या गळ्यात मारला होता, आणि दीडशे वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यावर तिकीट डकवलं होतं. मग भिंगाखाली बाकीचं दिसायला लागलं. तिकिटावर रेघा निस्तेज काळ्या, कागदावर त्याच रेघा चकचकीत आणि किंचित थरथरत्या: पेननं ओढून पुढं नेलेल्या. यूव्ही दिव्याखाली तिकिटाच्या कडेनं गोंद निळसर चमकला. जुना गोंद असा चमकत नाही.

विकणाऱ्यानं ‘आहे तसं विकलं’ म्हणून हात वर केले. चूक माझी. महाग काही घेताना आधीच, लेखी, ठरवून घ्यायचं की तज्ज्ञांचं प्रमाणपत्र उलट आलं तर पैसे परत. लिलावात याला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात आणि ते बोलीच्या आधी मागावं लागतं. प्रमाणपत्र न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन देते, पेनसिल्व्हेनियात बेलफाँटला असलेली अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीही देते. शंभर डॉलरच्या आत मी प्रमाणपत्राच्या भानगडीत पडत नाही. अपवाद एकच, ग्रिल. १८६७ नंतर काही वर्षं तिकिटाच्या कागदाला बारीक दाब देऊन तंतू तोडत, म्हणजे शिक्क्याची शाई आत मुरावी आणि तिकीट धुऊन पुन्हा वापरता येऊ नये. हा दाब नंतर घरबसल्या देता येतो. प्रमाणपत्राशिवाय महाग ग्रिल घेऊ नका, सासऱ्यांनी दिलं तरी.

जपायचं कसं हे थोडक्यात. पॉलिएस्टरच्या बिनआम्ली पिशव्या, उभ्या खोक्यात. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं अजिबात नकोत. सेलोटेप नको. बेसमेंट नको, जर्सीचा ऑगस्ट कोकणातल्या श्रावणाइतकाच ओला असतो. तिकीट पाकिटापासून सोडवू नका, कधीच. शाळेत बादलीत भिजवून तिकिटं सोडवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती इथं मोडावी लागते.

आणि पत्ता वाचा. ही सवय मला उशिरा लागली. बॉस्टनच्या खोक्यात एक पाकीट होतं, तीन सेंटचं दातेरी तिकीट, फिकट शिक्का, कोपरा फाटलेला. मागं डीलरच्या पेन्सिलीनं १२ डॉलर. पत्ता ‘मिशनरी हाउस, बॉस्टन’, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक शब्द, जो डीलरनं बहुतेक आडनाव समजून सोडून दिला होता. अमेरिकन मिशनचं बस्तान आमच्या नगरला १८३१ पासून. मिशनऱ्यांना घरच्यांनी लिहिलेली पत्रं मिशनच्या बॉस्टनच्या कचेरीत गोळा होऊन गठ्ठ्यानं पुढं जायची. म्हणजे तीन सेंट फक्त बॉस्टनपर्यंतचे. त्या काळी इंग्रजीत नगर कसं लिहायचे ते माहीत असलं पाहिजे, नाहीतर डोळ्यासमोरून जातं: अहमदनग्गुर, दोन जी आणि यू.

मी घासाघीस न करता बारा डॉलर दिले. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, पत्र कुणाचं आहे? आत पत्र नाहीये, रिकामं पाकीट आहे. तेव्हापासून मी बॉस्टनच्या खोक्यातलं प्रत्येक पाकीट डाव्या कोपऱ्यापासून वाचते. भारताच्या खोक्यात शोधून उपयोग नाही, असली पाकिटं तिथं कुणी ठेवत नाही.