स्कायडायव्हर उतरताना फोकस का सुटतो? या चुका टाळा

उज्जैनजवळच्या दतानाच्या हवाईपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटनाने स्कायडायव्हिंगचे महोत्सव भरवायला सुरुवात केली, तेव्हापासून इंदूरचे कॅमेरावालेही पहाटेच गाडी काढून तिकडे निघू लागले आहेत. उज्जैन इथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. १०,००० फुटांवरून उडी घेतलेला माणूस आपल्यासमोर जमिनीला पाय टेकतो, हे टिपायला कुणाला आवडणार नाही? पण घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले की तक्रार ठरलेली. बुटांचे तळवे लख्ख, त्यांच्या खाचांत अडकलेलं गवतही दिसतंय, आणि ज्याच्यासाठी एवढी धावपळ केली तो चेहरा मात्र पुसट!

मग खापर लेन्सवर फुटतं आणि नव्या लेन्सच्या किमती बघणं सुरू होतं. माझं ठाम मत आहे की आधी लेन्स बदलू नका, सवयी बदला. फोकस पाय टेकण्याच्या क्षणी चुकत नाही. तो त्याआधीच हातून गेलेला असतो: उभं राहायची जागा निवडताना आणि कॅमेरा डोळ्याला लावायला उशीर करताना.

आधी बिघडलेला फोटो नीट बघा

फोटो पुसट आहे म्हणजे फोकस चुकला असं लगेच धरू नका. माणसाच्या पायाजवळचं गवत बघा. त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट असेल, तर फोकस खरोखर चुकला आहे आणि कुठल्या बाजूला चुकला तेही कळलं. सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला किंवा शटर स्पीड कमी पडला. चेहरा स्पष्ट पण ब्रेकच्या दोऱ्या ओढणारे हात पुसट, तर तोही शटर स्पीडचाच प्रश्न. १/१६०० च्या आसपास या, म्हणजे सेकंदाच्या सोळाशेव्या भागाइतकं शटर ठेवा, सुटेल. आणि कुठेच काही धारदार नाही, कडा नुसत्या लहरत आहेत, असं असेल तर दोष उन्हाच्या झळांचा. या दुखण्यांची औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे सेटिंग बदलण्याआधी हे निदान झालंच पाहिजे.

उशिरा सुरुवात करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू या. छत्री, म्हणजे पॅराशूट, वर असताना लोक नुसतं बघत राहतात आणि ती अगदी अंगावर आल्यासारखी वाटली की कॅमेरा उचलतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

फुल फ्रेम कॅमेरा, ३०० मिलिमीटर लेन्स आणि एफ ५.६ ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकडा) घ्या. ४० मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जवळजवळ ६ मीटर खोल असतो. २० मीटरवर तो दीड मीटर उरतो. १० मीटरवर फूट-सव्वा फूट! अंतर निम्मं झालं की हा पट्टा पावपट होतो. आता वारा पडलेला असेल तर छत्री सेकंदाला ८ ते १० मीटर पुढे सरकते. तुमचा कॅमेरा सेकंदाला ५ फोटो घेत असेल, तर दोन फोटोंच्या मध्ये माणूस दीड-दोन मीटर पुढे आलेला असतो. ४० मीटरवर ही चूक पट्ट्यात जिरून जाते. १० मीटरवर कॅमेऱ्याने अंदाज बांधेपर्यंत माणूस पट्टा ओलांडून पुढे गेलेला असतो.

कॅमेऱ्याचा सततचा ऑटोफोकस हा अंदाजावर चालतो. आधीची काही मापं बघून, शटर उघडेल त्या क्षणी माणूस कुठे असेल, हे तो ठरवतो. मापं घ्यायलाच वेळ दिला नाही तर अंदाज येणार कुठून? उतरण्याआधीचं शेवटचं वळण सर्वसाधारणपणे ३०० फुटांच्या आसपास होतं. त्या वळणावरच माणसाला फोकसमध्ये घ्या आणि तिथून खाली सोडू नका. बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची फैर, मात्र तेव्हाच सुरू करू नका. स्वस्त कॅमेऱ्यांचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते ठेवायची जागा, चटकन भरतो आणि नेमकं पाय टेकताना कॅमेरा गप्प बसतो. छत्री चालवणाऱ्याने दोन्ही ब्रेकच्या दोऱ्या खाली ओढायला घेतल्या, छत्रीचा वेग मोडला, की बोट दाबा.

फोकस छत्रीवर किंवा बुटांवर जाऊ देणं

फोकसचा बिंदू निवडायचं काम पूर्णपणे कॅमेऱ्यावर सोडलं की तो जवळची किंवा ठळक वस्तू पकडतो. वर असताना ती वस्तू म्हणजे रंगीबेरंगी छत्री. खाली आल्यावर बूट. टँडम उडीत, म्हणजे प्रवासी प्रशिक्षकाला बांधलेला असतो त्या उडीत, प्रवाशाला शेवटी पाय सरळ वर उचलायला सांगतात, म्हणजे दोघंही बसल्यासारखे घसरत थांबतात. तुम्ही समोर उभे असाल तर ते पाय थेट तुमच्याकडे रोखलेले असतात, आणि तळवा ते चेहरा हे अंतर मीटरभराच्या घरात जातं. १५ मीटरवर वरच्याच लेन्सचा पट्टा मीटरभरही उरत नाही. बूट लख्ख आणि चेहरा पुसट, त्याचं गणित एवढंच.

यावर उपाय म्हणजे बिंदू स्वतः निवडा. निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी असेल तर सरळ मधला बिंदू वापरा. या दोन्हींत सगळ्यात भरवशाचा तोच आहे. वर असताना तो छातीवरच्या पट्ट्यांवर ठेवा. तिथे बकल आणि पट्ट्यांच्या कडा असतात, कॅमेऱ्याला पकडायला सोपं जातं. पाय वर उचलले जाताना बिंदू हेल्मेटकडे सरकवा. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांनी माणूस ओळखण्याची सोय जरूर लावावी, पण गॉगलमुळे डोळे सापडले नाहीत तर घाबरू नये, डोकं सापडलं तरी पुरतं. प्रवासी आणि प्रशिक्षक असे दोन चेहरे एकामागे एक असल्यामुळे फोकसची चौकट या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारत असेल, तर फोकसचं क्षेत्र लहान करा आणि पट्टा खोल व्हावा म्हणून ॲपर्चर एफ ८ वर न्या. दोघांचे चेहरे हवेत, त्या फोटोत जान तिथेच असते.

चुकीच्या जागी उभं राहणं

छत्री वाऱ्याच्या तोंडावर उतरते. मैदानावरची वाऱ्याची पिशवी कुठल्या बाजूला फुगली आहे ते बघितलं की माणूस कुठून येणार ते कळतं. पिशवी पूर्वेकडे फुगली असेल तर वारा पश्चिमेकडून येतोय आणि उतरणारा पश्चिमेकडे तोंड करून येईल. मग चेहरा मिळवायला पश्चिमेला उभे राहा, पण अगदी नाकासमोर नको. तीस-चाळीस अंश बाजूला सरका. तिरक्या कोनातून अंतर सावकाश बदलतं, कॅमेऱ्यावरचा ताण कमी होतो आणि बूटही चेहऱ्याच्या आड येत नाहीत.

हे सगळं आयोजकांनी आखलेल्या रेषेच्या बाहेरूनच. एका छत्रीवर डोळा लावून बसलेल्या माणसाला मागून येणारी दुसरी छत्री दिसत नाही. फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि उतरणाऱ्याकडे धावत तर मुळीच जायचं नाही.

सेटिंगमधल्या बारीक चुका

एकदाच फोकस करून थांबणारा मोड ठेवलेला असतो. तो बदलून सततचा लावा. फोकस शटरच्या बटनावरून काढून मागच्या बटनावर दिला तर अंगठा आणि बोट आपापली कामं करतात, हे मला फार सोयीचं वाटतं. छत्री आवरायला मदतनीस धावत मध्ये येतात आणि फोकस त्यांच्यावर उडी मारतो. त्यासाठी ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे आड आलेल्या माणसाकडे कॅमेरा लगेच वळणार नाही. लेन्सवर जवळचं अंतर वगळणारी कळ असेल तर ती लावा. ५.६ च्या लेन्सला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (झूम वाढवणारी जोडभिंग) जोडू नका, प्रकाश एफ ८ इतका उरतो आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा फोकस तिथे चाचपडायला लागतो.

दुपारी लांबून फोटो काढणं

माळव्याच्या काळ्या मातीची शेतं आणि मधोमध डांबरी पट्टी, म्हणजे ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उकळायला लागते. अशा हवेतून लांबचा फोटो महागड्या लेन्सनेही धारदार येत नाही. सकाळच्या पहिल्या उड्या गाठा, किंवा जवळून, कमी झूमवर काढा. हिवाळ्यात धुकं असेल तर मात्र थोडं थांबा, फिकट चित्रात फोकस पुढेमागे फिरत राहतो. आकाश मागे असताना चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवलं की गॉगलमागचे डोळेही उघडतात.

महोत्सवातच सराव करणं

वर्षातून एकदा मिळणाऱ्या संधीवर हात साफ करायचा नसतो. हिवाळ्यात इंदूरच्या सिरपूर तलावावर जा. पाण्यावर उतरणारी बदकंही वाऱ्याच्या तोंडावरच येतात, शेवटी तीही पाय पुढे टाकून वेग मोडतात. वाऱ्याची दिशा बघून जागा घ्या, बदक लांब असतानाच पकडा आणि पाण्याला टेकेपर्यंत सोडू नका. घरी आल्यावर चोच बघा. चोचीऐवजी शेपूट स्पष्ट आली असेल तर कॅमेरा मागे पडतोय, म्हणजे फोकस अजून आधी सुरू करायला हवा. पहिले फोटो चांगले आणि शेवटचे वाईट असतील तर बिंदू पक्ष्यावरून निसटतोय; झूम थोडा कमी करा, पक्ष्याभोवती जागा ठेवा आणि नंतर कापून घ्या.