आवळा-हिरडा वाळवताय? लोखंडी घमेलं आधी बाजूला ठेवा

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं आवळा उतरायला लागतो. पाठोपाठ बेहडा, आणि थंडी सरता सरता हिरडा. व्यापारी कानडीत नेल्लीकाई, तारेकाई, अळलेकाई म्हणून भाव विचारतो. त्रिफळ्याचा हा माल घेणारा हल्ली अँटिऑक्सिडंटबद्दलही विचारतो. ते वेगळं काही नाही. जिभेला लागणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, गॅलिक आम्ल वगैरे, आणि आवळ्यातलं क जीवनसत्त्व. झाड ते फुकट देतं, घालवतो आपण वाळवणात.

एका वर्षी आम्ही आवळे विळीवर फोडून लोखंडी घमेल्यात रात्रभर ठेवले. सकाळी बघतो तर फाकी दौतीत बुडवल्यासारख्या! टॅनिनला लोखंड लागलं की काळा रंग होतोच. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाईच करायचे. आडतीवर त्या मालाकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. म्हणून स्टीलची सुरी आणि प्लॅस्टिकची पाटी वापरा.

आवळा हातानं किंवा झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) काढा. झोडपून पाडलेल्या फळाला डाग पडतो आणि ते दोन दिवसांत कुजतं. बी काढून फाकी पातळ पसरा, वर पातळ कापड घाला. कडक उन्हात क जीवनसत्त्व उडतं, तेव्हा वारं खेळती सावली बरी. संध्याकाळी दव पडायच्या आत वाळवण आत घ्या. आपल्याकडचं दव म्हणजे जवळजवळ पाऊसच. फाक कटकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून दोन दिवस.

हिरडा-बेहडा पडल्यावर रोजच्या रोज वेचा. पालापाचोळ्यात राहिला की किडतो, बुरशी धरतो. ढीग घालू नका, आत ऊब धरते. पोती थेट फरशीवर नकोत, खाली फळ्या टाका.

ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाची साल विकायला काढायची झाली तर ती एकाच बाजूनं, उभ्या पट्टीनं काढा. गोल सोललीत तर झाड उभ्या उभ्या वाळतं.

हे सगळं बांधावरच्या, मालकीच्या झाडांसाठी. भीमगड अभयारण्यात वेचायला जाऊ नका. आणि घरच्या चूर्णाच्या डब्यावर ‘शुगर बरी होते’ असं छापू नका. प्रयोगशाळेतल्या नळीत दिसलेला गुण म्हणजे औषध नव्हे, आणि गिऱ्हाईक भाबडेपणानं गोळ्या बंद करतं.