निबंधाच्या पेपरची तयारी, आणि कात्री का लागते

यूपीएससी मेन्सच्या (मुख्य परीक्षेच्या) निबंधात मला पहिल्या वेळी किती मार्क पडले ते सांगत नाही, पण तेव्हापासून अभ्यासिकेत कुणी निबंध वाचायला दिला की माझा हात आधी कात्रीकडे जातो. का ते पुढे येईलच. आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दर वर्षी नवीन बॅच येते आणि ऑगस्टच्या आसपास सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, निबंधाची तयारी नेमकी काय करायची, त्याला तर सिलॅबसच नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, जमेल त्या क्रमाने. यूपीएससी धरून लिहितोय, पण एमपीएससीची राज्यसेवा मेन्ससुद्धा आता वर्णनात्मक (म्हणजे उत्तरं लिहून द्यायची) झालीये आणि तिथेही निबंध आहे, त्यामुळे बरंचसं तिकडेही चालेल.

पहिलं म्हणजे, सिलॅबस नाही हे खोटं आहे. दोनतीन वाक्यांचा आहे पण आहे, आणि कोणी वाचत नाही. विषय सोडू नका, विचार क्रमाने लावा, आटोपशीर लिहा, आणि परिणामकारक व नेमक्या मांडणीला मार्क मिळतील, एवढंच त्यात म्हटलंय. भरपूर माहिती भरा असं कुठेही नाही! हे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. त्याच कागदावर खाली आकडे, 3 तास, 250 मार्क, दोन निबंध, पेपरच्या दोन विभागांतून एकेक, प्रत्येकी 125 मार्क, 1000 ते 1200 शब्द. 2014 पासून दोन निबंध आहेत, त्याच्या आधी एकच असायचा, त्यामुळे अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून जुनी गाईडं स्वस्तात मिळाली म्हणून उचललीत तर त्यातलं टायमिंगचं गणित वापरू नका.

आता मराठी माध्यमवाल्यांसाठी एक गोष्ट, आणि ही कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेपर मराठीत छापलेला नसतो. विषय इंग्रजी आणि हिंदीत येतात, मराठी तुम्ही मनात करायचं. घाईत आपण हिंदी ओळ वाचतो कारण लिपी ओळखीची, आणि तिथेच फसतो. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. हिंदीतला संसार म्हणजे जग, आपला संसार म्हणजे भांडीकुंडी आणि गॅसचं सिलेंडर. चेष्टा म्हणजे त्यांच्याकडे प्रयत्न, यातायात म्हणजे वाहतूक. एवढी ढोबळ चूक कोणी करत नाही म्हणाल, पण तीन तासांच्या टेन्शनमध्ये काहीही होतं, आणि खरा त्रास बारीक शब्दांचा आहे. इंग्रजीत पॉवर आलं तर ते सत्ता, शक्ती, ताकद की अधिकार? ग्रोथ आणि डेव्हलपमेंट दोन्हीला आपण विकास लिहून मोकळे होतो आणि जो विषय त्या दोघांतल्या फरकावरच उभा आहे त्याचा पार भुगा करतो. म्हणून एक वही फक्त यासाठी ठेवा. मागच्या दहा वर्षांचे विषय घ्या, प्रत्येकाचं मराठी वाक्य तीन प्रकारे करून बघा, आणि कोणत्या शब्दाने निबंध कुठल्या दिशेला जातो ते शेजारी लिहा. महिनाभर रोज एक केला तरी पेपरात त्या ओळीकडे बघायची नजरच बदलते.

विषय निवडताना कोणता सोपा वाटतोय ते बघू नका. कोणत्या विषयावर माझं एक म्हणणं आहे, आणि त्याला विरोध करणारा शहाणा माणूस काय म्हणेल हे मला माहितीये, ते बघा. दहा मिनिटं द्या त्याला. बाजूचा लिहायला लागला म्हणून घाबरू नका, तो बहुतेक प्रस्तावनेत सिंधू संस्कृती लिहितोय.

म्हणणं म्हणजे काय ते सांगतो. आम्ही मध्ये सरावासाठी स्वतःच एक विषय केला होता, शहर वाढतं तसतशी नदी आकसते. पुण्यातल्या पोरांना याहून घरचा विषय कुठला असणार. मी लिहिलेला पहिला निबंध असा : नदीचं सांस्कृतिक महत्त्व, मग आर्थिक, मग सामाजिक, मग पर्यावरण, मग सरकारी योजना, मग पुढची दिशा. 1150 शब्द, अक्षर सुरेख, मी खूश. घरमालक आजोबा रिटायर्ड शिक्षक, त्यांना वाचायला दिला. त्यांनी शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. पण तुम्हाला म्हणायचंय काय?"

मग कात्री. रूममेटने त्या निबंधाची झेरॉक्स काढली, एकेक पॅरा वेगळा कापला, पत्ते पिसतात तशा चिठ्ठ्या पिसल्या आणि अभ्यासिकेतल्या एका ज्युनियरला म्हणाला की लाव बघू नीट. तिने पाच मिनिटांत लावल्या, क्रम माझ्या क्रमापेक्षा पूर्ण वेगळा, सामाजिक वर आणि आर्थिक पार खाली गेलं, आणि वाईट याचं वाटलं की तिचाही निबंध तितकाच बरा वाचला जात होता. म्हणजे माझ्या पॅरांचं एकमेकांशी काही देणंघेणंच नव्हतं, चाळीतले शेजारी तरी भांडतात! तेव्हापासून हीच टेस्ट. तुमचा तिसरा पॅरा उचलून पाचव्याच्या जागी ठेवला आणि काहीच बिघडलं नाही, तर तो निबंध नाही, ती वाण्याची यादी आहे. लिहून झाल्यावर कापण्यापेक्षा आधीच तपासायचं असेल तर प्रत्येक पॅराचं फक्त पहिलं वाक्य रफ पानावर लिहा आणि ती सात-आठ वाक्यं सलग मोठ्याने वाचा. सलग वाचताना गोष्ट पुढे सरकली पाहिजे, आणि मध्ये "तसंच", "याशिवाय", "त्याचबरोबर" हेच जोडशब्द येत असतील तर समजा की यादी होतेय. "पण", "म्हणून", "तरीही", "मग प्रश्न असा" हे यायला लागले की कणा तयार होतोय.

तोच नदीचा विषय आम्ही नंतर पुन्हा बांधला. म्हणणं एका वाक्यात : आपण नदीला पाणी म्हणून न मोजता रिकामी जागा म्हणून मोजतो, म्हणून शहराला जागा कमी पडली की पहिली नदी जाते. मग पहिला पॅरा पुण्यात मुठेच्या पात्रातल्या भिडे पुलावर. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो, पोलीस बॅरिकेड लावतात, आपण लकडी पुलावरून वळसा घालतो आणि कुरकुरतो की नदी रस्त्यात आली. रस्ता नदीत गेलाय हे डोक्यात येत नाही. दुसरा पॅरा, असं का होतं : जमिनीला सातबारा आहे, मालक आहे, भाव आहे, आणि वर्षाचे सात-आठ महिने कोरडं दिसणाऱ्या पात्राला वाली नाही. तिसऱ्यात पूर. इथे ज्युनियर लोकं 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीचा पुण्यातल्या आंबिल ओढ्याचा पूर एकाच वाक्यात कोंबतात, तसं करू नका, परीक्षकाला लगेच कळतं की नुसती उदाहरणं ओतलीत. पानशेतला धरण फुटलं होतं, काम पुरतं झालेलं नसताना पाणी साठलं, आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं. आंबिल ओढ्याला धरण-बिरण काही फुटलं नाही, पाऊस पडला आणि ओढ्याला जायला जागा नव्हती. दोन्हीत माणसं गेली, पण आपल्या म्हणण्याला दुसरंच उदाहरण लागू आहे, पहिलं फक्त फरक दाखवायला. एवढा फरक केलात ना, की तुमचा निबंध बाकीच्या गठ्ठ्यातून वर येतो असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा पॅरा विरुद्ध बाजूचा, आणि हा मनापासून लिहायचा. शहराला रस्ते लागतात, काठावरच्या वस्तीतली माणसं हौसेने तिथे राहत नाहीत, परवडणारं घर दुसरीकडे नाही म्हणून राहतात, त्यांना उठवून नदी मोकळी केली असं म्हणणं सोपं आहे. हे "काही लोक म्हणतात की" असं एका ओळीत उरकलं तर तो पॅरा नसलेलाच बरा. विरोधक समोर बसलाय आणि त्याचा मुद्दा आपल्याला पटायला लागलाय इथपर्यंत जायचं, मगच पाचव्यात उत्तर. आणि उत्तर म्हणजे जनजागृती करावी, सर्वांनी एकत्र यावे, हे नाही, ते कुठल्याही विषयाला चिकटतं. निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय, पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची लाल, आणि या रेषा नकाशावर असून घर घेताना किती जण बघतात, इथून सुरुवात करा. मग ते काठावरच्यांच्या पुनर्वसनाकडे न्या, म्हणजे चौथ्या पॅराचं देणं फिटतं.

उदाहरणांचा डबा आतापासून भरायला घ्या. पाठांतराचे शंभर आकडे नकोत, वीस उदाहरणं पुरतात, पण प्रत्येक तीन बाजूंनी फिरवता आलं पाहिजे. म्हणजे 1848 ची भिडे वाड्यातली मुलींची शाळा सगळेच स्त्रीशिक्षणाला वापरतात, तीच शाळा कायद्याच्या आधी समाज बदलतो का यालाही चालते, आणि एकट्याच्या धाडसावरही चालते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 ला केला, केंद्राचा आला 2005 ला, हे गरिबीवर चालतं आणि राज्यं ही देशाची प्रयोगशाळा यावरही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून पुण्यात आहे, कचरावेचक बायकांची संघटना, ती पर्यावरणाला लावतात तेवढीच श्रमाच्या प्रतिष्ठेलाही लागते. 73वी-74वी घटनादुरुस्ती (ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी) नुसती नावाने टाकू नका, तुमच्या गावच्या ग्रामसभेत तुम्ही कधी बसला असाल तर ते दोन ओळींत लिहा, तिथे तुमचा आवाज येतो.

कोट्सबद्दल एवढंच, व्हॉट्सअ‍ॅपवर गांधीजी, विवेकानंद आणि आइन्स्टाइनच्या नावावर जे फिरतं त्यातलं बरंच त्यांनी कधी म्हटलेलं नाही. खात्री नसेल तर सोडा. निबंधाची सुरुवात कोटने, शेवट कवितेने हा क्लासवाल्यांचा साचा आहे आणि परीक्षक दिवसभर तोच वाचत असणार. इंट्रो दीडशे शब्दांच्या वर नेऊ नका. शेवटात नवीन मुद्दा नको आणि आधीचं सगळं परत नको, पहिल्या पॅरातल्या भिडे पुलावर परत या आणि या वेळी तो वेगळा दिसू द्या, बास.

वेळेचं म्हणाल तर एका निबंधाला दीड तास, त्यातली पहिली पंचवीस-तीस मिनिटं रफ पान आणि कणा. एवढा वेळ न लिहिता बसायची भीती वाटते, मलाही वाटायची. पण स्वतःच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते आजच मोजा. माझे आठ बसतात, म्हणजे 1100 शब्दांना साधारण 140 ओळी, आणि त्या मी पन्नास मिनिटांत लिहितो. हे कळल्यावर भीती गेली. पहिल्या निबंधाला दोन तास आणि दुसऱ्याला एक तास हा सगळ्यात कॉमन घोळ, दोन्हीला सारखेच मार्क आहेत हो, पहिला कितीही भारी झाला तरी दुसऱ्याचं नुकसान भरून काढत नाही. पेनं तीन, तिन्ही वापरलेली, नवीन पेन पेपरात उघडायचं नाही. रफ पानावर शेवटी तिरकी रेघ मारायला विसरू नका, आणि निबंधाच्या वर विभाग आणि विषय क्रमांक घाला, मी एका मॉकमध्ये (सराव परीक्षेत) विसरलो होतो आणि तपासणाऱ्याने समासात फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

सराव रविवारी करा, सकाळी 9 ते 12, कारण खरा पेपरही त्याच वेळेला असतो. महिन्यात दोन रविवार पुरेत, पण पूर्ण तीन तास, दोन्ही निबंध, फोन बाहेर लॉकरमध्ये. संपल्यावर आपला निबंध स्वतः तपासू नका, कुणाला तरी कात्री द्या. आणि बाराला पेन खाली म्हणजे खाली, वाक्य अर्धं राहिलं तरी. लगेच जेवून घ्या, रविवारी दुपारी मेसला गोड असतं म्हणून लाइन मोठी लागते आणि रात्री मेस बंद.