मेटा-अ‍ॅनालिसिस कसं करावं: डेटा शीटपासून फॉरेस्ट प्लॉटपर्यंत

एकाच प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचा मिळून परिणाम किती, हे काढण्याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. सॉफ्टवेअर हे काम काही सेकंदांत करतं. पण एकत्र करू नयेत असे अभ्यास त्याला दिले, तरीही ते तितक्याच वेळात आकडा काढून देतं. म्हणून आज्ञा कशा द्यायच्या यापेक्षा आधी काय भरायचं आणि नंतर काय वाचायचं, यावर इथे जास्त भर आहे.

सुरुवात प्रश्नापासून करा. कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम मोजायचा, हे लिहून काढा. रिस्क रेशो (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) वापरणार की ऑड्स रेशो (घटना होण्या-न होण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर), मॉडेल कोणतं, परिणामात फरक पाडणारे कोणते घटक तपासणार, हेही आत्ताच ठरवा आणि हा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, प्रॉस्पेरो या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवा. आकडे पाहिल्यावर घेतलेले निर्णय नकळत आपल्याला हव्या त्या निकालाकडे झुकतात.

सॉफ्टवेअर निवडण्यात फार दिवस घालवू नका. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं रेव्हमॅन नवख्यांना सोपं जातं. स्टाटामध्ये १६व्या आवृत्तीपासून मेटा-अ‍ॅनालिसिसच्या आज्ञा आहेत, पण त्याला परवाना लागतो. माझी शिफारस ‘आर’ (R) या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेची. ते मोफत आहे आणि केलेलं प्रत्येक काम लेखी राहतं. आर आणि ते वापरणं सोपं करणारं आरस्टुडिओ बसवा, मग ‘मेटाफॉर’ (metafor) हे पॅकेज घ्या. आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या. आर लहान आणि मोठ्या लिपीच्या अक्षरांत फरक करतं, हे लक्षात ठेवा.

आता डेटा शीट. खरी मेहनत इथे आहे. एका अभ्यासाला एक ओळ. परिणाम ‘झाला की नाही’ या प्रकारचा असेल, तर दोन्ही गटांतले एकूण लोक आणि घटना झालेले लोक, असे चार आकडे लागतात. रक्तदाबासारखं मोजमाप असेल, तर प्रत्येक गटाची संख्या, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते). दोघांनी स्वतंत्रपणे आकडे काढावेत आणि मग ताडून पाहावेत.

स्टँडर्ड डेव्हिएशनच्या रकान्यात स्टँडर्ड एरर (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) भरला जाणं ही इथली सर्वांत घातक चूक. समजा एका गटात ६४ रुग्ण आहेत आणि पेपरातल्या तक्त्यात ‘±१.५’ छापलंय. तळटीप वाचली तर कळतं की तो स्टँडर्ड एरर आहे. त्याला ६४च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ने गुणलं की खरं स्टँडर्ड डेव्हिएशन येतं १२. तळटीप न वाचता १.५च भरलं, तर त्या गटाचा व्हेरियन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) ६४ पट कमी दिसेल आणि एकटा तो अभ्यास सगळा निकाल आपल्याकडे ओढून नेईल. सॉफ्टवेअर कुठलीही सूचना देणार नाही. फॉरेस्ट प्लॉटवर, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल आणि त्यातली अनिश्चितता एकेका आडव्या रेघेने दाखवणाऱ्या आलेखावर, एखाद्या छोट्या अभ्यासाची रेघ संशयास्पदरीत्या आखूड दिसली, तर आधी हेच तपासा.

विश्लेषणाच्या सरावासाठी तयार डेटा आहे. मेटाफॉरसोबत येणाऱ्या ‘मेटाडॅट’ (metadat) पॅकेजमध्ये क्षयरोगावरच्या बीसीजी लसीच्या १३ अभ्यासांचा संच मिळतो. ‘एस्कॅल्क’ (escalc) ही आज्ञा प्रत्येक ओळीचा लॉग रिस्क रेशो आणि त्याचा व्हेरियन्स काढते. पहिली ओळ हाताने पडताळून पाहा. अ‍ॅरनसन, १९४८: लस घेतलेल्या १२३ जणांपैकी ४ जणांना क्षय झाला, न घेतलेल्या १३९ पैकी ११ जणांना. रिस्क रेशो ०.४१, त्याचा लॉग उणे ०.८९. पडद्यावर तोच आकडा आला, म्हणजे रकाने नीट जुळले. दोन गटांच्या रकान्यांची अदलाबदल झाली असेल तर चिन्ह उलटतं आणि लस अपायकारक ठरते. आपल्या डेटावरही निदान दोन ओळी अशा तपासाव्यात.

पुढची आज्ञा ‘आरएमए’ (rma), ती अभ्यास एकत्र करते. सर्व अभ्यासांत परिणाम एकच आहे असं मानायचं, की तो अभ्यासागणिक बदलू शकतो असं मानायचं, हा मॉडेलचा प्रश्न. एकच मानलं, तर या संचाचा एकत्रित रिस्क रेशो ०.६५ येतो. याच संचातल्या मद्रासच्या १९८०च्या प्रचंड चाचणीत प्रत्येक गटात ८८ हजारांवर लोक होते. तिला या मॉडेलमध्ये सुमारे ४१ टक्के वजन (एकत्रित निकालातला वाटा) मिळतं. परिणाम बदलू शकतो असं मानणाऱ्या रँडम इफेक्ट्स मॉडेलमध्ये तेच वजन साधारण १० टक्क्यांवर येतं आणि रिस्क रेशो ०.४९ होतो, कॉन्फिडन्स इंटरव्हल (सरासरी परिणामाच्या अंदाजाची मर्यादा) ०.३४ ते ०.७०. वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या काळात झालेल्या अभ्यासांना रँडम इफेक्ट्सच साजतं. मात्र त्यात लहान अभ्यासांचं वजन वाढतं, तेव्हा त्यांचा दर्जा कसा आहे हे आधी पाहिलेलं बरं.

‘लस धोका निम्म्यावर आणते’ असं लिहून इथेच थांबू नका. ‘आय-स्क्वेअर’ पाहा: ९२ टक्के. अभ्यासांमधल्या फरकाचा बहुतांश भाग योगायोगाने आलेला नाही, असा याचा अर्थ. मग ‘प्रेडिक्ट’ (predict) ही आज्ञा द्या. ती प्रेडिक्शन इंटरव्हल देते, म्हणजे नव्या ठिकाणी खरा परिणाम कुठे असू शकेल याची मर्यादा. इथे ती ०.१५ ते १.५५ आहे. एका टोकाला उत्तम संरक्षण, दुसऱ्या टोकाला संरक्षण नाहीच, उलट धोका जास्त. हा इंटरव्हल पेपरात द्यायलाच हवा असं मला ठामपणे वाटतं. रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला सरासरीइतकीच त्याचीही गरज असते.

एवढा फरक कशाने पडला, हे मेटा-रिग्रेशनमध्ये, म्हणजे अभ्यासांचा परिणाम त्यांच्या एखाद्या गुणधर्मानुसार कसा बदलतो ते पाहून, शोधता येतं. आरएमएच्या आज्ञेत अक्षांशाचा रकाना जोडा. अंदाजित रिस्क रेशो १० अंशांवर ०.९६ येतो आणि ४० अंशांवर ०.४०. विषुववृत्ताजवळ लसीचा परिणाम जवळपास दिसत नाही, दूर गेलं की तो चांगलाच दिसतो. अभ्यासांमधला सुमारे ७६ टक्के फरक या एका रकान्याने समजावला जातो. अक्षांश स्वतः काही करत नाही, त्याच्यासोबत बदलणारं दुसरं काहीतरी यामागे असणार. शिवाय १३ ओळींवर चार-पाच घटक लादले तर काही ना काही ‘महत्त्वाचं’ निघतंच, म्हणून प्रोटोकॉलमध्ये नोंदवलेलेच घटक तपासा.

नकारात्मक निकालाचे छोटे अभ्यास छापलेच गेले नसतील का, याचा अंदाज फनेल प्लॉट (अभ्यासाचा निकाल आणि त्याची अचूकता दाखवणारा आलेख) आणि तो एका बाजूला झुकलाय का हे आकड्यांत तपासणारी एगर टेस्ट देतात. १०पेक्षा कमी अभ्यास असतील तर ही टेस्ट करू नये. फनेल वाकडा दिसला म्हणून लगेच प्रकाशनाला दोष देऊ नका. अभ्यासांमध्येच मोठा फरक असला तरी तो वाकडा दिसतो.

फॉरेस्ट प्लॉट काढताना अक्षावर लॉग न ठेवता रिस्क रेशो दाखवा आणि कोणती बाजू कोणत्या गटाच्या फायद्याची, हे खाली लिहा. मग सगळ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये साठवा, आर बंद करून पुन्हा उघडा आणि ती वरपासून खालपर्यंत चालवा. मधेच अडखळली, तर कुठेतरी हाताने केलेला बदल नोंदवायचा राहिलाय. ‘सेशनइन्फो’ (sessionInfo) ही आज्ञा आर आणि पॅकेजच्या आवृत्त्या दाखवते. त्या पेपरातल्या पद्धतींच्या भागात लिहा, आणि स्क्रिप्टसोबत डेटा शीटही जोडा.