अमेरिकेत शिकताना व्हिसाची अडचण आली तर वकील कसा गाठावा

इंटरनॅशनल ऑफिसातला डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणारा विद्यापीठाचा अधिकारी) तुमचा वकील नव्हे. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि सेविसच्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीच्या) नोंदी ही त्याची कामं. त्याच्याशी झालेलं बोलणं वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखं गोपनीय नसतं. म्हणून स्टेटस (विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा) गेलं असेल किंवा पोलिस केस असेल, तर आधी वकील. पण रेंगाळू नका: एफ-१ हा विद्यार्थी दर्जा परत मिळवण्याचा आय-५३९ अर्ज सहसा तो गेल्यापासून ५ महिन्यांच्या आत जावा लागतो.

विद्यापीठाची स्टुडंट लीगल सर्व्हिस भाडेकरार, ट्रॅफिक तिकीट यांसाठी उत्तम; इमिग्रेशन मात्र बरेचदा घेत नाही, विद्यापीठाविरुद्धची तक्रार तर जवळजवळ नाहीच. लॉ स्कूलचं इमिग्रेशन क्लिनिक (प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कायद्याचे विद्यार्थी केसेस बघतात ते केंद्र) फुकट असतं, फक्त जागा मोजक्या.

खासगी वकिलाचं नाव राज्याच्या बारच्या (वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर तपासा. वकील नसलेल्यांपैकी न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधीच चालतात. ‘नोटारिओ’ (वकील नसून तसं भासवणारे नोटरी) किंवा फॉर्म भरून देणारे एजंट सल्ला द्यायला लागले, की उठा. कोऱ्या फॉर्मवर सही मागणारा तर सरळ लबाड. खऱ्या वकिलाचा जी-२८ फॉर्म (तो तुमची बाजू मांडतोय असं सांगणारा) त्याच्या सहीनिशी अर्जासोबत जातो.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, जुने-नवे सगळे आय-२०, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि आलेली नोटीस न्या, पाकिटासकट. पोलिस केस निकाली निघाली असली तरी कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत हवीच.

गुन्हा कबूल करण्याआधी क्रिमिनल वकिलाला हद्दपारीच्या परिणामांबद्दल विचारा. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालानुसार ते सांगणं त्याचं कर्तव्य आहे. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही. मोफत वकिलांची यादी कोर्टाच्या साइटवर असते.